संयुक्त मतदारसंघ आणि कोंकण

घटनासमितीनें १९४७ मध्यें विभक्त मतदारसंघ रद्द केले, आणि मे १९४९ मध्यें मुसलमानांच्या राखीव जागाहि सोडून दिल्या. या दुसऱ्या गोष्टीस बेगम एजाज रसूल यांनींच पाठिंबा दिला, हें आज फारसें कोणास आठवत नाहीं. राखीव जागांनीं अल्पसंख्य समाज बहुसंख्यांपासून कायमचा दूर पडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो विश्वास कितपत फळाला आला, हें आमच्या कोंकणाइतकें स्पष्ट क्वचितच दुसरीकडे दिसेल.

१९८४ मध्यें रत्नागिरीनें हुसेन दलवाई यांस लोकसभेवर पाठविलें. आंबेतच्या अंतुल्यांस तर कुलाब्यानें १९८९, १९९१ व १९९६ असें लागोपाठ तीनदां, आणि २००४ मध्यें पुन्हां निवडून दिलें. दोन्ही ठिकाणीं मुसलमान मतदार थोडेच. तेव्हां हीं मतें बहुतांशीं हिंदूंचीं होतीं, हें उघड आहे. (मालवणचा आमचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं वेगळा झाला, तोहि मुख्यमंत्री अंतुले यांच्याच कारकीर्दींत.)

पुढें मात्र हा ओघ आटला. २००९ व २०१४ मध्यें महाराष्ट्रांतून एकहि मुसलमान लोकसभेंत निवडून गेला नाहीं. २०१९ मध्यें औरंगाबादचे इम्तियाज जलील तेवढे एकटे. २०२४ मध्यें ४८ जागांत पुन्हां शून्य, आणि २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें मुसलमान लोकसंख्या शेंकडा साडेअकरा! दोष मतदाराच्या माथीं मारणें सोपें आहे. परंतु २०२४ मध्यें दोन्ही मोठ्या आघाड्यांनीं राज्यांत मुसलमान उमेदवारच उभा केला नाहीं. तेव्हां मतदाराची परीक्षा त्या वर्षीं झाली, असें म्हणतां येत नाहीं.