चेहरे : गौतम राजाध्यक्ष यांची छायाचित्रे, वारंगा फाट्यावरून पाहताना

नांदेडहून निघालेला रस्ता अर्धापूर मागे टाकून पुढे आला की वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जाते. दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. फाट्याला नाव मिळते ते असे, जाणाऱ्या-येणाऱ्यांमुळे. ज्यांना येथे काहीही काम नसते तेही खिचडी खाण्यापुरते थांबतात आणि निघून जातात. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी एकाचे शालेय वय या फाट्यालगत गेले, तेव्हा हिंगोली हा स्वतंत्र जिल्हाही झालेला नव्हता. तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. एस.टी.ची वाट पाहत उभे राहायचे, आणि उभे राहायचे म्हणजे वर्तमानपत्रांच्या टपरीसमोर, दोरीला चिमट्यांनी अडकवलेल्या नियतकालिकांच्या मुखपृष्ठांकडे पाहत. विकत घेण्याची ऐपत नव्हती. पाहण्याला मात्र पैसे पडत नसत. त्या मुखपृष्ठांवरील चेहऱ्यांतून ‘गौतम राजाध्यक्ष’ हे नाव आमच्या परिचयाचे झाले. छायाचित्र काढणाऱ्यालाही नाव असते, हे तेव्हा प्रथम कळले.

राजाध्यक्षांवर लिहिताना बहुधा नटनट्यांच्या नावांची जंत्री दिली जाते. आम्हांला तिच्यात फारसे स्वारस्य नाही. आम्हांला विचारावेसे वाटते ते असे, की मुंबईच्या एका माणसाने काढलेल्या चेहऱ्यांनी फाट्यावरच्या माणसाच्या ‘चेहरा’ या कल्पनेचे नेमके काय केले?

आधी थोडा इतिहास. मराठी घरात छापील सुंदर चेहरा आला तो छायाचित्रातून नव्हे, चित्रातून. राजा रविवर्म्याच्या शिळाछापांनी देवतांना मानवी मुखे दिली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी व दिनदर्शिकांनी मध्यमवर्गीय भिंतींवर दोन-तीन दशके राज्य केले. दलालांची स्त्री कोणी एक विशिष्ट स्त्री नसे. ती दिवाळी अंकाची स्त्री होती, दरवर्षी नवी आणि दरवर्षी तीच. दलाल १९७१ मध्ये गेले. त्याच वर्षी मुंबईत ‘स्टारडस्ट’ निघू लागले आणि थोड्याच काळात त्याची सूत्रे शोभा राजाध्यक्ष, म्हणजे पुढच्या शोभा डे, यांच्या हाती आली. हा केवळ योगायोग आहे, त्यावर सिद्धान्त उभारू नये. पण काळाची कूस बदलल्याची खूण म्हणून तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुखपृष्ठावरची अनामिक सुंदरी मागे सरली आणि तिच्या जागी नाव, गाव, प्रेमप्रकरण आणि पुढचा चित्रपट असलेली व्यक्ती आली. ‘सेलिब्रिटी’ ही संस्था आपल्याकडे रुजली ती अशी.

गौतम राजाध्यक्ष हे शोभा डे यांचे चुलतभाऊ. जन्म १६ सप्टेंबर १९५०, मुंबईचा. सेंट झेवियर्समध्ये शिक्षण, रसायनशास्त्राची पदवी, काही काळ तेथेच अध्यापन. १९७४ साली ते ‘लिंटास’ या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्रविभागात रुजू झाले आणि पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. १९८० मध्ये शबाना आझमी, टीना मुनीम आणि जॅकी श्रॉफ यांची छायाचित्रे त्यांनी काढली, आणि तेथून त्यांची खरी कारकीर्द सुरू झाली. तरीही नोकरी सोडली ती १९८७ मध्ये. म्हणजे सात वर्षे हा गृहस्थ दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा होता. या सात वर्षांबद्दल आम्हांला आदर वाटतो. कलावंताच्या चरित्रात नोकरीवर लाथ मारण्याचा प्रसंग आपल्याला हवाहवासा वाटतो. येथे तो नाही. पगाराच्या दिवसांत एक माणूस शांतपणे आपले काम शिकतो आहे, एवढेच आहे. रसायनशास्त्राच्या पदवीचा आणि छायाचित्राच्या रसायनांचा संबंध जोडण्याचा मोहही टाळलेला बरा. दुवा फार सोयीचा आहे, म्हणूनच संशयास्पद.

त्यांना ‘स्वयंशिक्षित’ म्हटले जाते आणि ते खरेच आहे. छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. परंतु या शब्दाकडे थोडे निरखून पाहायला हवे. जाहिरातसंस्थेच्या छायाचित्रविभागात बसणाऱ्याच्या नजरेखालून दिवसाकाठी किती छायाचित्रे जात असतील! दुसऱ्यांची छायाचित्रे निवडणे, नाकारणे, एकाच चेहऱ्याच्या वीस प्रतिमांतून एक उचलणे हेच मुळात एक विद्यापीठ आहे. शिवाय घरात संपादक, हाताशी इंग्रजी, आणि ज्यांचे चेहरे टिपायचे त्यांच्या दिवाणखान्यात सहज वावरण्याचे संस्कार. आमच्या फाट्यावरचा स्टुडिओवालाही स्वयंशिक्षितच होता. तो आधी दुसऱ्याच्या स्टुडिओत पोऱ्या म्हणून राहिला, मग कर्ज काढून त्याने कॅमेरा घेतला, पाठीमागे धबधब्याचा रंगवलेला पडदा लावला. त्याला मात्र कोणी स्वयंशिक्षित म्हटले नाही. ‘फोटोवाला’ म्हटले. एकाच गुणाला दोन ठिकाणी दोन नावे मिळतात, याचा राजाध्यक्षांना दोष देता येत नाही. पण ‘स्वयंशिक्षित’ या शब्दाने आपण भारावून जातो तेव्हा हे आठवलेले बरे.

आता प्रत्यक्ष छायाचित्रांकडे वळू. राजाध्यक्षांची चित्रे ओळखू येतात ती त्यांतल्या मवाळ प्रकाशामुळे. पार्श्वभूमी बहुधा साधी. लक्ष चेहऱ्यावर, आणि चेहऱ्यातही डोळ्यांवर. त्यांच्याआधीच्या चित्रपटविषयक छायाचित्रांत चेहरा बहुतेक वेळा भूमिकेत असे : नायक पिस्तूल रोखून, नायिका झाडाआडून. चित्रपटगृहाबाहेर काचेच्या पेटीत लावलेली ती चित्रे म्हणजे कथेची जाहिरात होती. राजाध्यक्षांनी कथा काढून घेतली. नटी कोणत्याही चित्रपटातली नसून केवळ स्वतः आहे, असा भास त्यांनी निर्माण केला. भास म्हणतो, कारण या ‘स्वतः’मागेही रंगभूषा होती, वस्त्रे होती, प्रकाशयोजना होती. परंतु समोरच्या व्यक्तीचा छायाचित्रकारावर विश्वास आहे, हे त्या चित्रांतून जाणवते आणि ते रंगभूषेने साधत नाही. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस भीत असतो. स्वतःचा चेहरा परक्याच्या स्वाधीन करणे ही सोपी गोष्ट नव्हे. ती भीती घालवण्याची हातोटी हे राजाध्यक्षांचे खरे कौशल्य, असे आमचे मत आहे. यंत्र त्यानंतर येते.

येथेच आमचा त्यांच्याशी वादही आहे. हा मवाळ प्रकाश सर्वांवर सारखाच दयाळू आहे. त्यात घाम नाही, थकवा नाही, मत्सर तर नाहीच. चित्रपटव्यवसायासारख्या निर्दय क्षेत्रातील माणसे इतकी निवांत कशी दिसतात, असा प्रश्न पडतो. खुशामत हा शब्द कठोर होईल, सौजन्य म्हणू. पण सौजन्यालाही मर्यादा असतात आणि कधी कधी सत्य त्या मर्यादेच्या पलीकडे उभे असते.

संगीताच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. आमच्या भागात गाणे आले ते परभणी आकाशवाणीवरून. आवाज आधी आला, चेहरा कितीतरी वर्षांनी. लता मंगेशकर कशा दिसतात याची आमच्या आजीला उत्सुकताही नव्हती. तिच्या लेखी तो आवाज रेडिओतच राहत होता. पुढे मुखपृष्ठांनी आवाजाला मुख दिले आणि पार्श्वगायकही ‘चेहरा’ झाले. राजाध्यक्षांनी लताबाईंची छायाचित्रे काढली, आणि ती काढताना समोर बसलेली व्यक्ती स्वतः छायाचित्रणाची जाणकार होती, हे विसरू नये. लताबाईंना कॅमेऱ्याचा छंद तरुणपणापासून होता. राजाध्यक्ष स्वतः पाश्चात्त्य ऑपेराचे दर्दी होते. म्हणजे आवाजावर जीव टाकणारा माणूस आवाज नसलेल्या माध्यमात काम करत होता.

गायकाचे छायाचित्र दोन प्रकारे काढता येते. एक, गाताना. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात सतीश पाकणीकरांनी टिपलेल्या गायक-वादकांच्या मुद्रा या जातीच्या आहेत. भीमसेन जोशींना गाताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की तान घेणारा चेहरा सुंदर दिसण्याच्या भानगडीत पडत नाही. तो वेडावाकडा होतो, हात हवेत काहीतरी ओढून आणतात. दुसरा प्रकार गाणे थांबल्यानंतरचा, माणूस स्वस्थ बसला असतानाचा. राजाध्यक्षांची प्रकृती या दुसऱ्या प्रकाराची. आमचा कल पहिल्याकडे आहे, हे कबूल करतो. तरीही अलीकडे वाटू लागले आहे, की गाणाऱ्या माणसाला न गाताना पाहण्याचा हक्कही श्रोत्याला असावा. पन्नास वर्षे ज्या गळ्याने साथ दिली त्याच्या मालकिणीला एकदा नुसते बसलेले पाहावे, यात गैर काय?

राजाध्यक्षांचे वेगळेपण आणखी एका गोष्टीत आहे, आणि मराठीच्या अध्यापकांनी तरी तिची नोंद घ्यायला हवी : ते लिहीत होते. ‘चंदेरी’ या मराठी पाक्षिकाचे त्यांनी संपादन केले. काजोलचा पहिला चित्रपट ‘बेखुदी’ (१९९२) आणि ‘अंजाम’ (१९९४) यांच्या पटकथालेखनात ते होते. ‘सखी’ या मराठी चित्रपटासाठीही त्यांनी लेखन केले. १९९७ साली ‘चेहरे’ हा त्यांचा देखणा ग्रंथ मराठीत निघाला. दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या रायपर्यंत पंचेचाळीस चित्रपट-व्यक्ती त्यात आहेत. दुर्गाबाईंचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२चा. ऐश्वर्या रायचे पडद्यावरील पदार्पण १९९७चे. बोलपटाच्या सुमारे पासष्ट वर्षांचा पट एका माणसाच्या ओळखीपाळखीतून मांडला गेला. अशा प्रकारचे मोठ्या आकाराचे, गुळगुळीत कागदावरचे पुस्तक इंग्रजीतच शोभते अशी समजूत असण्याच्या काळात त्यांनी ते मराठीत आणले. त्याची किंमत आमच्यासारख्यांना परवडणारी नव्हती, हा भाग वेगळा. आम्ही ते प्रथम पाहिले ते एका ग्रंथालयात, काचेच्या कपाटात, कुलपाआड. पुढे याच नावाचे त्यांचे प्रदर्शनही ठिकठिकाणी फिरले. फाट्यावर अर्थातच आले नाही.

फाट्यावर आली ती त्यांची छाया. नव्वदीच्या दशकात आमच्या स्टुडिओवाल्याने धबधब्याचा पडदा काढून करड्या रंगाचे साधे कापड लावले. सोयरिकीसाठी मुलीचा ‘दाखवायचा फोटो’ काढायला आलेल्यांना तो हनुवटी किंचित खाली, नजर वर, असे बसवू लागला, आणि दिव्यावर बटर पेपर बांधू लागला. कोठून शिकलास, असे विचारले तर टपरीकडे बोट दाखवी. कळमनुरी तालुक्यातल्या कितीतरी मुलींच्या लग्नाच्या बोलण्यांत मुंबईच्या त्या मवाळ प्रकाशाचा थोडा हात असावा. त्या मुलींना तो मानवला की त्याने त्यांच्यावरचे ओझे वाढवले, हे ठामपणे सांगता येत नाही. आमच्यापैकी एकाच्या बहिणीचा तसा फोटो आहे. ती म्हणते, ‘दादा, त्यात मी नाहीच.’ पण तो फाडू देत नाही.

राजाध्यक्ष १३ सप्टेंबर २०११ रोजी गेले, एकसष्टाव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी. वर ज्या आजीचा उल्लेख केला ती त्याआधीच गेली होती. तिचा फोटो असा एकही नव्हता. बाराव्याच्या दिवशी ठेवायला हवा म्हणून मतदार ओळखपत्रावरचा चेहरा मोठा करून आणला. चौकटीत मावेपर्यंत तो इतका विरला, की डोळ्यांच्या जागी दोन करडे डाग तेवढे उरले. स्टुडिओवाल्याने संगणकावर त्यांत थोडी चमक घालून दिली, गालांवरच्या सुरकुत्या पुसून टाकल्या आणि पैसे घेतले नाहीत. घरातल्या बायका म्हणाल्या, म्हातारी किती छान दिसते आहे. आजोबा बराच वेळ पाहत राहिले आणि मग विचारते झाले, ही कोण?