जुन्या रिव्हॉल्व्हराची बदललेली माशी

शस्त्रांच्या इतिहासांत कर्त्याचें नांव, पेटंटाची तारीख आणि लढायांचीं वर्णनें यांस मोठा मान असतो. नेम धरण्याच्या बारीकशा खुणेकडे सहसा कोणी वळून पाहत नाहीं. तथापि सॅम्युएल कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हराचा प्रत्यक्ष वापर कसा झाला हें समजून घ्यावयाचें असेल, तर या खुणेइतका बोलका साक्षीदार दुसरा नाहीं.

हें शस्त्र अमेरिकेंत हार्टफर्ड येथें १८५० पासून १८७३ पर्यंत तयार होत होतें, आणि तेथील संख्या दोन लक्षांच्या वर गेली. साडेसात इंचांची नळी, सहा गोळ्यांचें फिरतें चक्र. नळीच्या टोकाशीं, आपल्याकडे जिला बंदुकीची माशी म्हणतात ती, म्हणजे पितळेचा एक इवलासा खुंटा. मागची खूण मात्र नळीवर नाहींच. घोड्याच्या माथ्यावर कोरलेली खाच हीच ती. घोडा ताणला कीं खाच डोळ्यांसमोर येते, आणि चाप ओढतांच घोड्याबरोबर खालीं निघून जाते! शिवाय नळी चौकटीला एका पाचरीनें अडकविलेली. म्हणजे एक खूण सुट्या भागावर आणि दुसरी हलत्या भागावर. कोल्टच्या कल्पकतेविषयीं पूर्ण आदर राखूनही म्हणावेंसें वाटतें कीं, नेमाचा विचार त्यानें सर्वांत शेवटीं केला असावा. प्रतिस्पर्धी रेमिंग्टन कारखान्यानें अखंड चौकटीच्या माथ्यावरच पन्हळ काढून ही अडचण बरीच दूर केली.

नेव्हीची गोळी जवळच्या लक्ष्याच्या वर लागते, ही तक्रार जुनी आहे. लांबचा नेम साधे; २१ जुलै १८६५ रोजीं मिसूरींतील स्प्रिंगफील्डच्या चौकांत ‘वाइल्ड बिल’ हिकॉकनें डेव्हिस टटला सुमारें ७५ यार्डांवरून टिपलें, तें नेव्हीनेंच असें मानतात. परंतु त्याहून बरेंच जवळ मारावयाचें तर लक्ष्याच्या खालीं रोखावें लागे. उपाय एकच, माशी उंच करणें. माशी वाढली कीं नळीचें तोंड खालीं येतें. दोन खुणांमधील अंतर १० इंच धरूं. २५ यार्ड म्हणजे ९०० इंच. तेथें गोळी वीतभर, म्हणजे ९ इंच, वर लागत असेल, तर माशी इंचाच्या दशांशानें वाढविली कीं पुरे.

हें काम कारखान्यांत न जातां होई. मूळ खुंटा उपटून त्याच भोकांत लांबसा पितळी खिळा ठोकावा. किंवा नळीवर चीर पाडून तींत चांदीच्या नाण्याचा अर्धचंद्राकृति तुकडा बसवावा. डाख कथलाचा हवा, कारण तो थोड्या उष्णतेवर वितळतो. चांदीच्या डाखाला नळी लाल होईपर्यंत तापवावी लागते आणि तिची निळी झिलई जाते. माशी आरंभीं मुद्दाम जास्त उंच ठेवीत आणि गोळ्या झाडून पाहत कानशीनें थोडी थोडी उतरवीत. घासलेला धातु परत येत नाहीं. गोळी डावीकडे जात असेल तर माशीही डावीकडेच सरकवावयाची, हें नवशिक्याला उलटें वाटतें.

१८८५ मध्यें बॅट मास्टरसननें डॉज सिटीहून कोल्ट कारखान्यास पत्र लिहून नव्या रिव्हॉल्व्हराची मागणी केली, तींत माशी नेहमीपेक्षां जराशी उंच व जाड असावी असें स्पष्ट कळविलें होतें. इतरांनीं कानशीनें जें साधलें तें या गृहस्थानें पत्रानें मिळविलें, इतकेंच.

हल्लींचे कांहीं संग्राहक अशी ओबडधोबड माशी काढून तेथें नवा ‘अस्सल’ खुंटा बसवितात. किंमत वाढते खरी. पण ज्या हातानें तें शस्त्र वापरलें त्याचा एकुलता एक लेख त्यांत पुसला जातो, आणि राहतो तो केवळ कारखान्याचा नमुना. माझ्या मतें हें जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं केलेलें नुकसान आहे. उपटण्यापूर्वीं निदान भिंग लावून पाहावें. कानशीचे ओरखडे एकावर एक पडलेले असतील तर माशी टप्प्याटप्प्यानें जुळविलेली आहे. घोड्याचें पोलाद वरून कठीण केलेलें असतें, त्यावर कानस सहज चालत नाहीं. तरीही त्याची खाच डावीकडे रुंद केलेली दिसली, तर तें रिव्हॉल्व्हर मूळचें उजवीकडे मारीत होतें.