मराठी विज्ञानकथेतील पुराणकथा

मराठी विज्ञानकथेतील पुराणकथा म्हणजे मराठी विज्ञानकथा व विज्ञान कादंबऱ्यांमध्ये भारतीय आणि ग्रीक पुराणांतील पात्रे, प्रसंग व नावे यांचा केलेला वापर होय. या साहित्याचा मोठा वाचकवर्ग किशोरवयीन असून त्यातील बऱ्याच लेखनात पुराणातील नाव शीर्षकातच आढळते. या प्रकारात सर्वांत ठळक लेखन खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर (जन्म: १९ जुलै १९३८, कोल्हापूर, मृत्यू: २० मे २०२५, पुणे) यांचे आहे. 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासुर', 'उजव्या सोंडेचा गणपती' आणि 'ट्रॉयचा घोडा' ही त्यांच्या लेखनातील अशा शीर्षकांची उदाहरणे होत.

अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांत पुराणांचा वापर सारखा नसतो. रिक रायर्डन यांच्या २००५ पासून प्रसिद्ध झालेल्या पर्सी जॅक्सन मालिकेत ग्रीक देवता आजच्या अमेरिकेत प्रत्यक्ष वावरतात, आणि रोशनी चोक्शी यांच्या 'आरू शाह' मालिकेत (२०१८ पासून) पांडवांचा पुनर्जन्म होतो. तेथे देव हे देवच असतात. विज्ञानकथेत मात्र घडणाऱ्या गोष्टीचे निदान तर्काला पटेल असे स्पष्टीकरण द्यावे लागते. त्यामुळे देवांना तेथे सहसा पात्र म्हणून प्रवेश मिळत नाही. त्यांची नावे आणि त्यांच्या कथांतील पेच तेवढे घेतले जातात. मेरी शेली यांनी १८१८ मधील 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीला 'आधुनिक प्रॉमिथियस' असे उपशीर्षक दिले, तेव्हापासून ही पद्धत चालत आली आहे.

भाषांतरांचा काळ

मराठी मुलांना विज्ञानकथेची ओळख प्रामुख्याने फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या कादंबऱ्यांतून झाली. 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांतील भूगर्भातील प्रवासाच्या कादंबरीला त्यांनी 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' असे नाव दिले. मूळ कथेत प्राध्यापक लिडेनब्रॉक आइसलँडमधील ज्वालामुखीच्या विवरातून खाली उतरतो आणि इटलीजवळच्या स्ट्रॉम्बोली ज्वालामुखीतून बाहेर येतो. 'पाताळ' या एका शब्दाने ही भूशास्त्रीय सफर मराठी वाचकाच्या ओळखीच्या प्रदेशात आली, कारण सप्तपाताळे आणि तेथे राहणारा बळी राजा त्याला आधीपासून ठाऊक होते.

व्हर्नच्या मूळ लेखनात ग्रीक धागा आहेच. कॅप्टन नेमोच्या नावाचा लॅटिन अर्थ 'कोणीही नाही' असा होतो. 'ओडिसी' महाकाव्यात एकाक्ष राक्षस पॉलिफीमसला फसवण्यासाठी ओडिसियस आपले नाव हेच सांगतो, आणि आंधळा झालेला राक्षस 'मला कोणीही मारत नाही' असे ओरडत राहतो. नेमोच्या पाणबुडीचे नाव नॉटिलस हेही खलाशी या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आले आहे. भाषांतरात ही नावे कायम राहिली तरी त्यांमागची कथा किशोर वाचकापर्यंत क्वचितच पोहोचली.

आकाशातील नावे

ग्रीक आणि भारतीय पुराणांची सर्वांत जुनी व सर्वांत रूढ सांगड विज्ञानकथेत नसून मराठी खगोलशास्त्राच्या परिभाषेत आहे. उत्तर आकाशातील चार तारकासमूहांना ग्रीक परंपरेत एका राजघराण्याची नावे आहेत: राजा सिफियस, राणी कॅसिओपिया, त्यांची मुलगी अँड्रॉमेडा आणि तिला समुद्रातील राक्षसापासून सोडवणारा पर्सियस. मराठीत हेच समूह अनुक्रमे वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाती म्हणून ओळखले जातात. एका घराण्याच्या जागी दुसरे घराणे ठेवले गेले, मात्र नाती जुळली नाहीत. ग्रीक कथेत कॅसिओपिया ही अँड्रॉमेडाची आई आहे, तर महाभारतात शर्मिष्ठा ही देवयानीची मैत्रीण, पुढे दासी आणि अखेर सवत होते. राक्षसापासून सुटका हा ग्रीक कथेचा गाभाही ययातीच्या कथेत नाही. तेथे देवयानीला विहिरीतून बाहेर काढण्याचा प्रसंग आहे, एवढेच दूरचे साम्य.

तरीही ही नावे टिकली. त्याचे एक कारण असे की, मराठी वाचकाला देवयानी, शर्मिष्ठा आणि ययाती परके नव्हते. कोल्हापुरात दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या वि. स. खांडेकर यांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने ती भारतभर पोहोचली. आपल्या आकाशगंगेपासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या शेजारच्या मोठ्या दीर्घिकेला मराठी पुस्तकांत 'देवयानी दीर्घिका' म्हणतात. त्यामुळे मराठी विज्ञानकथेत दूरच्या दीर्घिकेचा उल्लेख आला की, वाचकाच्या मनात ग्रीक राजकन्येऐवजी शुक्राचार्यांची मुलगी उभी राहते.

नारळीकर आणि वराचा पेच

मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली. परिषदेने घेतलेल्या विज्ञानरंजन कथास्पर्धेसाठी १९७४ मध्ये नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन त्यांनी हे नाव तयार केले होते. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

शीर्षकांसाठी निवडलेल्या पुराणकथा एकत्र ठेवल्या तर त्यांत एक समान सूत्र दिसते. त्या बहुतेक वर, दान किंवा भेट यांच्या कथा आहेत. यक्ष हे देवही नव्हेत आणि असुरही नव्हेत. ते कुबेराच्या संपत्तीचे रक्षक, आणि महाभारतात तळ्याचे पाणी देण्याआधी प्रश्नांची उत्तरे मागणारे. मानवाहून वेगळ्या, हेतू न कळणाऱ्या बुद्धिमान जीवांसाठी मराठीत याहून सोयीचा शब्द सापडणे कठीण. भस्मासुराला ज्याच्या डोक्यावर हात ठेवू तो भस्म होईल असा वर मिळतो आणि मोहिनीच्या नृत्यात गुंगून तो स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो. निर्मात्यावर उलटणाऱ्या कोणत्याही गोष्टीला मराठी वृत्तपत्रांत आजही 'भस्मासुर' म्हटले जाते. ट्रॉयचा लाकडी घोडा ही तर उघड भेटच होती. होमरचे 'इलियड' या प्रसंगाआधीच संपते. घोड्याची कथा 'ओडिसी'त थोडक्यात आणि व्हर्जिलच्या 'ईनिड'मध्ये विस्ताराने येते. तेथे लाओकून हा पुरोहित भेट स्वीकारू नका असे सांगतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही.

देणारा कोण आहे हे ठाऊक नसताना ज्ञानाची भेट घ्यावी का, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खगोलशास्त्रज्ञांसमोर प्रत्यक्ष उभा होता. परग्रहांवरून येणाऱ्या रेडिओ संदेशांचा शोध १९६० पासून सुरू झाला होता. केंब्रिजमध्ये नारळीकरांचे मार्गदर्शक असलेले फ्रेड हॉयल हे स्वतः विज्ञानकथाकार होते. हॉयल आणि जॉन एलियट यांच्या 'ए फॉर अँड्रॉमेडा' या १९६१ च्या बीबीसी दूरचित्रवाणी मालिकेत अँड्रॉमेडाच्या दिशेने संदेश येतो. त्यातील सूचनांनुसार शास्त्रज्ञ एक संगणक बांधतात आणि तो संगणक पुढे एका स्त्रीची निर्मिती घडवतो. तिचे नावही अँड्रॉमेडा असते. ग्रीक कथेत खडकाला बांधलेली, सुटकेची वाट पाहणारी राजकन्या येथे धोक्याचे साधन बनली आहे.

नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी याच पेचाची भारतीय मांडणी म्हणून वाचता येते. हॉयलच्या कथेत ज्ञान दूरच्या अवकाशातून येते, तर येथे ते जमिनीखालून येते. उत्खननात एका लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातील माहितीच्या आधारे प्रगत यंत्रे बांधली जातात आणि वामन नावाचा यंत्रमानव आकाराला येतो. स्वतःसारखे यंत्रमानव निर्माण करण्याची क्षमता त्याला मिळाली तर मानवजातीचे काय होईल, हा कादंबरीतील प्रमुख प्रश्न आहे. ही कादंबरी इंग्रजीतही उपलब्ध आहे.

वामन हे नाव मराठी वाचकासाठी निरुपद्रवी नाही. पुराणांत वामन हा विष्णूचा अवतार आहे. तो बळीकडे तीन पावले जमीन मागतो आणि दोन पावलांत सर्व विश्व व्यापतो. महाराष्ट्रात मात्र बलिप्रतिपदेला 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणण्याची प्रथा आहे, म्हणजे लोकभावना बळीच्या बाजूची आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) मध्ये बळीला येथील न्यायी राजा आणि वामनाला आक्रमक ठरवले. त्यामुळे लहानशी मागणी घेऊन येणारा आणि सर्व काही व्यापून टाकणारा यंत्रमानव वामन या नावाने आला की, अवताराचा आदर आणि बळीविषयीची सहानुभूती या दोन्ही आठवणी एकाच वेळी जाग्या होतात. ट्रॉयच्या घोड्याला हा दुहेरीपणा नाही. तो शत्रूचाच आहे.

उजव्या सोंडेचा गणपती

या कथेत पुराणातील घटनेऐवजी मूर्तिशास्त्रातील एक समजूत घेतलेली असून वैज्ञानिक कल्पना व लोकरूढी यांची सांगड तीत सर्वाधिक घट्ट बसली आहे. गणपतीची सोंड सामान्यतः त्याच्या डाव्या बाजूला वळलेली असते. उजव्या सोंडेचा गणपती कडक मानला जातो व त्याचे सोवळे-ओवळे काटेकोरपणे पाळावे लागते, असा समज आहे. मुंबईतील प्रभादेवीचा सिद्धिविनायक आणि अष्टविनायकांपैकी सिद्धटेकचा गणपती उजव्या सोंडेचे आहेत.

डावे आणि उजवे यांतील फरक हा भूमितीतील जुना प्रश्न आहे. कागदातून कापलेला डाव्या हाताचा आकार टेबलावर कितीही सरकवला किंवा फिरवला तरी उजव्या हाताचा होत नाही. टेबलावरून उचलून, म्हणजे तिसऱ्या मितीतून, उलटा केला की होतो. एका पिळाने जोडलेल्या मोबियस पट्टीवरून असा सपाट आकार एक फेरी मारून आला तरी तो आरशातील प्रतिमेसारखा उलटतो. तसाच उलटा होण्यासाठी माणसाला आणखी एका मितीतून जावे लागेल. नारळीकरांच्या कथेत अशा उलटापालटीचा परिणाम क्रिकेटच्या मैदानावर दिसतो आणि सोंडेची दिशा ही तिची खूण ठरते. गणपती येथे चमत्कार करत नाही. वाचकाच्या घरातील देव्हाऱ्यात असलेली वस्तू उपमितीच्या प्रयोगाचा पुरावा बनते, आणि चौथी मिती समजावण्यासाठी शाळकरी वाचकाला याहून जवळचे उदाहरण देणे अवघड आहे.

रूपक आणि पुरावा

पुराणकथा विज्ञानकथेत आणण्यातील मुख्य वाद या दोन्हींतील सीमारेषेविषयी आहे. एरिक फॉन डॅनिकेन यांनी १९६८ मधील पुस्तकात जगभरच्या पुराणांतील देव हे परग्रहांवरून आलेले अंतराळवीर होते असा दावा केला. बाळ भागवत यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद 'देव? छे! परग्रहावरील अंतराळवीर!' या नावाने प्रसिद्ध झाला. हे पुस्तक कथा म्हणून लिहिलेले नव्हते, ही त्यातील महत्त्वाची बाब आहे. त्याच धर्तीवर पुष्पक विमान, ब्रह्मास्त्र किंवा संजयाची दिव्यदृष्टी हे प्राचीन तंत्रज्ञानाचे पुरावे आहेत, असे भारतातही वारंवार म्हटले जाते.

नारळीकरांनी अशा दाव्यांना सातत्याने विरोध केला. 'द सायंटिफिक एज' (२००३) या इंग्रजी ग्रंथात त्यांनी भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील खरी कामगिरी आणि पुराव्यावाचून केलेले दावे यांत फरक केला. त्यांच्या युक्तिवादाचा रोख असा की, अण्वस्त्रे बनवणाऱ्या समाजाकडे आधी वीज आणि तिचे शास्त्र असायला हवे, आणि त्याच्या खुणा ग्रंथांत व रोजच्या जीवनाच्या वर्णनांत दिसायला हव्यात. शीर्षकांत यक्ष आणि वामन वापरणारा लेखकच हे सांगत होता, यात विसंगती नाही. कथेतील यक्ष कोणी खरा मानावा अशी अपेक्षा नसते. पुरावा म्हणून मांडलेले ब्रह्मास्त्र मात्र तपासावे लागते.

तथापि 'वामन परत न आला' ही कादंबरी या सीमारेषेच्या अगदी जवळून जाते, कारण पृथ्वीवर पूर्वी एक अतिप्रगत संस्कृती होऊन गेली ही तिची मूळ कल्पना डॅनिकेनच्या वाचकांनाही प्रिय वाटेल अशी आहे. फरक त्या संस्कृतीच्या वारशात आहे. डॅनिकेनच्या मांडणीत प्राचीन ज्ञान हे हरवलेले वैभव असते. नारळीकरांच्या कादंबरीत जमिनीखालून मिळालेला ठेवा अभिमानाचा विषय ठरत नाही. तो मागे ठेवणारे लोक स्वतः का उरले नाहीत, हे शास्त्रज्ञांना आधी शोधावे लागते.