जुन्या कॉम्प्युटरचा डिसअसेंबलर: युजर काय मागतात आणि चांगला फीडबॅक कसा द्यायचा?

एखादं ॲप बिघडलं की आपण काय करतो? १ स्टार देतो, 'चालत नाही' लिहितो आणि मोकळे होतो. मीही तेच करायचो. मग मी स्वतः एक छोटं फुकट टूल बनवलं आणि असे मेसेज मलाच यायला लागले. ते टूल म्हणजे १९८२ च्या कमोडोर ६४ या होम कॉम्प्युटरसाठीचा डिसअसेंबलर.

डिसअसेंबलर म्हणजे काय?

जुन्या गेमचा सोर्स कोड बहुतेक वेळा मिळत नाही. हाती उरतात फक्त बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. त्यांवरून प्रोसेसरच्या सूचना वाचता येतील अशा लिहून देणं हे डिसअसेंबलरचं काम. उदाहरणार्थ १६९, ०, १४१, ३२, २०८ हे पाच बाइट घ्या. अर्थ असा: '० घे आणि ५३२८० या पत्त्यावर ठेव.' एवढ्यानं स्क्रीनची बॉर्डर काळी होते.

खरी अडचण वेगळीच आहे. वरच्या उदाहरणात ३२ हा पत्त्याचा भाग आहे. मजकुरात ३२ म्हणजे मोकळी जागा. आणि सूचना म्हणून वाचला तर ३२ म्हणजे 'सबरूटीनवर जा'. त्यामुळे ओळीनं मोकळ्या जागा आल्या की टूल बिनधास्त सांगतं, '८२२४ वर जा, ८२२४ वर जा...' कोड कुठला आणि डेटा कुठला, हे मशीनला दर वेळी खात्रीनं ओळखता येत नाही.

युजर काय काय मागतात?

- कोड आणि डेटा हातानं ठरवायची सोय: सगळ्यात जास्त मागणी हिचीच, आणि ती रास्त आहे.
- पत्त्यांना नावं: ५३२८० ऐवजी 'बॉर्डरचा रंग' दिसलं की वाचणं सोपं होतं.
- लपलेल्या सूचना: ६५०२ प्रोसेसरच्या २५६ ऑपकोडपैकी १५१ अधिकृत आहेत. कमोडोर ६४ मधला ६५१० त्याच घराण्यातला. उरलेल्यांपैकी काही गेम आणि डेमोंमध्ये वापरलेले सापडतात, म्हणून ते दाखवायचा पर्याय हवा.
- पुन्हा असेंबल केल्यावर तेच बाइट: इथे मी फसलो होतो. २५५ पर्यंतचा पत्ता एका बाइटमध्ये मावतो, पण मूळ प्रोग्रामरनं तो दोन बाइटमध्ये लिहिला असेल, तर असेंबलर शहाणपणा करून छोटा करतो आणि पुढचं सगळं एका बाइटनं सरकतं.
- 'सरळ सी भाषेत बदलून द्या': हिला मी नम्रपणे नाही म्हणतो. हे गेम बहुतेक थेट असेंब्लीतच लिहिलेले आहेत. मुळात सी कोड नव्हताच, तर परत कुठून आणू?

एक मागणी जी महागात पडली

कमोडोरच्या प्रोग्राम फाइलचे पहिले २ बाइट म्हणजे प्रोग्राम मेमरीत कुठे ठेवायचा तो पत्ता. एकानं सुचवलं, 'हे दोन बाइट कोडमध्ये मोजू नका.' बरोबरच होतं. मी तासाभरात बदल करून अपडेट दिलं. दुसऱ्या दिवशी एका युजरचा मेसेज: 'माझी सगळी लेबलं चुकीच्या ओळीवर गेलीत.' तो कित्येक आठवडे एका गेमला लेबलं आणि टिपा लावत होता. मी लेबलं फाइलमधल्या जागेनुसार साठवत होतो, त्यामुळे ती सगळी दोन बाइटनं घसरली. चूक शंभर टक्के माझी. त्यानं जुनी फाइल, आधीची आणि नंतरची आवृत्ती आणि एका चुकलेल्या लेबलचा पत्ता पाठवला होता, म्हणून त्याच रात्री कारण सापडलं आणि त्याचं काम वाचलं. नुसतं 'बिघडलं' लिहिलं असतं तर मी आठवडाभर चाचपडलो असतो. आता लेबलं मेमरीच्या पत्त्यानुसार साठवतो, आणि नव्या आवृत्तीत जुनी फाइल उघडताना तिची प्रत आधी ठेवली जाते.

चांगला फीडबॅक कसा लिहायचा?

१. आवृत्तीचा नंबर द्या.
२. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, या तीन ओळी लिहा.
३. बिघाड दाखवणारा छोटासा नमुना जोडा.
४. फीचर मागताना ते कशासाठी हवंय ते सांगा. कधी कधी त्यासाठी आणखी सोपा उपाय आधीच असतो.
५. अपडेट करण्याआधी तुमच्या फाइलची कॉपी ठेवा. बनवणारा माझ्यासारखाच कुणीतरी असू शकतो!

हे पाचही मुद्दे तुमच्या फोनमधल्या कुठल्याही ॲपला लागू पडतात. पुढच्या वेळी १ स्टार द्यायचा तर खुशाल द्या, पण सोबत त्या तीन ओळीही लिहा.