क्रिएटिनिनसाठी रक्त नेमकं कधी द्यावं?

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.५ आलं की घरात कुणाला जेवण जात नाही. पण किडनी बिघडली असं ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा: रक्त दिलं कधी?

पावससारख्या किनाऱ्यालगतच्या गावात हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. क्रिएटिनिन हा स्नायूंत रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून लघवीवाटे टाकते. पण मांस-मासळी शिजवतानाही तो तयार होतो आणि जेवणातून रक्तात येतो. दुपारी सुरमईचं कालवण जेवून चार वाजता रक्त दिलं, तर किडनी ठणठणीत असूनही आकडा वर जाऊ शकतो. म्हणून ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेचा सल्ला असा की तपासणीआधी १२ तास मांस-मासळी खाऊ नये. नुसत्या क्रिएटिनिनसाठी उपाशी राहायची मात्र गरज नाही. पाणी तर अजिबात तोडू नका. शरीर कोरडं पडलं तरी आकडा चढतो.

नमुना गावात घेऊन तपासणी रत्नागिरीत होणार असेल, तर सकाळीच रक्त द्या. नळी तशीच तासन्‌तास पडून राहिली तर पोटॅशियम उगाच जास्त दिसतं.

याच्या उलट होणारी चूक मात्र जिवावर बेतू शकते. भातलावणीच्या दिवसांत कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण दिसतात. उंदरांच्या लघवीतले जंतू चिखलातून, पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. पहिल्या दिवशी क्रिएटिनिन १.० येतं आणि माणूस निर्धास्त होऊन परत शेतात जातो. पण किडनीला इजा झाल्यावर क्रिएटिनिन रक्तात साचायला वेळ लागतो, बऱ्याचदा एक-दोन दिवस. म्हणून डॉक्टर पुन्हा रक्त द्यायला बोलावतात, ते टाळू नका. ४८ तासांत ०.३ ची वाढ ही किडनीला अचानक झालेल्या इजेची खूण मानतात. १.० वरून १.३ झालं तर दोन्ही आकडे लॅबच्या 'नॉर्मल' रकान्यात बसू शकतात, तरीही धोका असतो! जुना रिपोर्ट जपून ठेवायचा तो यासाठीच. लघवी नीट होतेय म्हणून किडनी सुरक्षित, हेही लेप्टोत खरं नसतं. आणि रिपोर्टवरचा ईजीएफआर अशा वेळी फसवा ठरतो, कारण ते सूत्र क्रिएटिनिन स्थिर आहे असं धरून चालतं.

किडनीचा जुनाट आजार ठरवायला उलट थांबावं लागतं: बिघाड किमान तीन महिने टिकलेला दिसायला हवा.

किडनीदात्यासारख्यांची नेमकी मोजणी करायची असेल, तर शिरेत डीटीपीए किंवा आयोहेक्सॉल टोचतात आणि साधारण २, ३ आणि ४ तासांनी रक्त घेतात. सुरुवातीला औषध शरीरभर पसरत असतं. नंतरची घट किडनीमुळे होते. किडनी फार मंद असेल तर शेवटचा नमुना २४ तासांनीही घेतात. ठरल्या वेळेपेक्षा पाच-दहा मिनिटं उशीर झाला तरी चालतं, फक्त खरी वेळ लिहायला हवी. ११ वाजून १० मिनिटांनी घेतलेल्या नमुन्यापुढे ११ लिहिलं, की हिशेब चुकला.