पहिल्या पावसात बेडकं येतात कुठून? वर्षातले बरेच महिने आपल्याच शेतात, जमिनीखाली

नांदेड/लातूर : मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की त्याच रात्री डबक्याभोवती बेडकांचा गलका सुरू होतो. आदल्या दिवशी एकही दिसत नव्हतं, मग एवढी आली कुठून? आभाळातून पावसाबरोबर पडतात, असं सांगणारी जुनी माणसं अजून गावोगावी आहेत. खरं तर ती जमिनीतून वर येतात.

नांगरट करताना किंवा झाडासाठी खड्डा घेताना कधी कधी ढेकळात एक गोल, मातकट बेडूक निघतं. डोळे मिटलेले, अंग आखडलेलं. बरेच जण मेलंय म्हणून फेकून देतात. ते बहुतेक वेळा जिवंतच असतं. बांधाच्या कडेला सावलीत, ओलसर भुसभुशीत मातीत ठेवलं की ते स्वतःच आत जातं.

हे बिळात राहणारं बेडूक. लांबी दीड-दोन इंच, तोंड आखूड, पोट फुगीर, काहींच्या पाठीवर मधोमध फिकट रेघ. शास्त्रात या गटाला स्फेरोथेका म्हणतात. यातल्या एका जातीची नोंद 1799 सालची आहे. पुण्याचे आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये पश्चिम भारतातल्या बेडकांना 'पश्चिमा' हे वेगळं नाव दिलं, पुढे त्या नावावरही शास्त्रज्ञांत चर्चा झाली. गावाच्या दृष्टीनं नावापेक्षा त्याचा पाय बघण्यासारखा आहे. मागच्या तळव्याला आतल्या बाजूनं फावड्यासारखी टणक कड असते. दोन्ही पाय आलटून पालटून माती सारत ते मागच्या मागं खाली उतरतं. डोकं सगळ्यात शेवटी जातं, वरची माती आपोआप बुजते.

खाली गेल्यावर खाणं बंद, हालचाल जवळपास बंद. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, मातीतली ओल कातडीतून घेतं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसल्या उन्हाळ्यातही हे बेडूक ओल धरून खाली पडून राहतं.

पाऊस झाला की नर डबक्याच्या काठावर बसून गळ्याची पिशवी फुगवून ओरडतात. ते ओरडणं मादीला बोलावण्यासाठी. विहीर-तळ्यापेक्षा यांना साचलेलं उथळ पाणी आवडतं, कारण तिथं अंडी-पिल्लं खाणारे मोठे मासे नसतात. अंडी लवकर फुटतात आणि शेपटीवाली पिल्लं निघतात. पोरं त्यांना मासे समजून बाटलीत भरतात. पिल्लं शेवाळ खातात, मग मागचे पाय फुटतात, नंतर पुढचे, शेवटी शेपूट जिरते. याला काही आठवडे लागतात, आणि खरी अडचण इथंच आहे. पावसानं खंड दिला की शेतकऱ्यावर सोयाबीनच्या दुबार पेरणीची वेळ येते. बेडकाच्या डबक्याचं तर तेवढ्यात डांबर होतं, पिल्लं चिखलात वाळून जातात.

माणसाकडूनही नुकसान होतंच. फवारणीचा पंप किंवा औषधाचा रिकामा डबा डबक्यात धुतला की ते पाणी थेट कातडीतून अंगात जातं. पंप धुवायचाच तर साचलेल्या पाण्यापासून लांब धुवावा. बांधाकडेचं डबकं पिकाला आड येत नसेल तर जून-जुलैत मुरूम टाकून बुजवू नये. पाऊस लांबला की काही गावांत धोंडी मागताना मुसळाला बेडूक बांधून घरोघरी फिरवतात. श्रद्धा आपल्या जागी, पण उन्हात ते बिचारं वाळून मरतं.

रात्री बाहेर पडून हे बेडूक वाळवी, भुंगे आणि इतर किडे खातं. किडे खाणारी बेडकं कमी होतात म्हणून भारतानं 1987 मध्ये बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. ती तंगडी मोठ्या बेडकांची होती, पण कारण या छोट्यालाही लागू पडतं.

शेपूट जिरलेली पिल्लं नखाएवढी असतात. पावसाळाभर ती बांधाच्या गवतात किडे खाऊन वाढतात आणि दिवाळीच्या सुमारास जमीन सुकायला लागली की तीही मागच्या पायांनी माती उकरत खाली जातात.