मागेल तेवढीच हवा

गेल्या दिवाळीत रजेवर कोकणात गेलो असता मालवणच्या किनाऱ्यावर एक साधेसे दृश्य पाहण्यात आले. समुद्रात बुडी मारून आलेली मंडळी अंग पुसून चहाला निघून गेली होती. एक तरुण मात्र मागे राहून त्यांची श्वसनयंत्रे एकेक करून गोड्या पाण्याच्या पिंपात धूत होता. हवा आत येण्याच्या तोंडावर टोपण घट्ट बसले आहे ना, हे प्रत्येक वेळी तो पाहून घेई. मी चौकशी केली तेव्हा तो एवढेच म्हणाला, "दादा, मीठ आत सुकला की मगे झडपेचो काय भरवसो?" रजा संपली, पुन्हा परमुलखातल्या कचेरीत फायलींपुढे येऊन बसलो, परंतु ते वाक्य काही मनातून जाईना. म्हणून त्या यंत्राचा इतिहास मिळेल तेथून वाचून काढला.

पाण्याखाली श्वास घेणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नव्हे. दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब जवळजवळ एका वातावरणाइतका वाढतो. तो छातीवर पडत असता वरून सोडलेल्या लांब नळीतून हवा ओढण्याचे बळ माणसाच्या फुप्फुसांत नसते. हवा हवी, ती भोवतालच्या पाण्याच्या दाबाची हवी आणि मागितली त्याच क्षणी हवी. पाठीवरच्या टाकीत मात्र ती शेकडो वातावरणांच्या दाबाने कोंडलेली असते. या दोहोंमध्ये मध्यस्थी करणारे यंत्र म्हणजे रेग्युलेटर.

त्याचा जन्म समुद्राकाठी झाला नाही. फ्रान्समधील एस्पालियाँ गावचे खाण-अभियंते बन्वा रुकेरोल यांनी १८६० साली हवापुरवठ्याचे नियमन करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. विषारी वायूने कोंदलेल्या खाणीत माणसाला श्वास घेता यावा, हा त्यांचा हेतू होता. पुढे १८६४ साली ऑग्यूस्त दनेरूझ या आरमारी अधिकाऱ्याच्या साह्याने तेच तत्त्व पाणबुड्यांसाठी योजले गेले. ज्यूल व्हर्नच्या १८७० सालच्या समुद्रतळावरील सुप्रसिद्ध कादंबरीत या यंत्राचा नावानिशी उल्लेख आहे. कल्पना बिनचूक होती. उणीव होती ती टाकीची. फार मोठा दाब सोसणारी टाकी त्या काळी बनत नव्हती. त्यामुळे वरच्या पंपाशी असलेली नळी पाणबुड्याला फार वेळ सोडता येत नसे. पुढे १९३३ साली ईव्ह ल प्रियर यांनी अधिक दाबाची टाकी वापरात आणली. परंतु तिच्यातून हवा सतत वाहत राही आणि श्वास न घेताही वाया जाई.

कोंडी फुटली ती महायुद्धात. जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये डिसेंबर १९४२ मध्ये नौदल अधिकारी झाक कुस्तो हे एमिल गान्याँ या अभियंत्याला भेटले. पेट्रोलच्या टंचाईत मोटारी गॅसवर चालवण्यासाठी लागणारी एक झडप गान्याँच्या हाती तयार होती. इंजिन मागेल तेवढाच गॅस द्यायचा, हे तिचे काम. तीच पाणबुड्यासाठी योजून मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवे पोहताना यंत्र ठीक चाले; उभे राहिले की हवा भसाभसा वाहून जाई आणि डोके खाली केले की ओढूनही येईना. कारण शोधता असे दिसले की, उच्छ्वास बाहेर पडण्याचे तोंड आणि हवा आत घेणारा भाग यांच्या पातळीत थोडेसे अंतर होते आणि तेवढ्या अंतराच्या पाण्याचा दाब सगळा तोल बिघडवीत होता. दोन्ही एकमेकांशेजारी आणताच दोष नाहीसा झाला. १९४३ च्या उन्हाळ्यात हे यंत्र भूमध्य समुद्रात यशस्वी ठरले.

यशालाही मर्यादा होत्या. सप्टेंबर १९४७ मध्ये कुस्तो यांचे सहकारी मोरिस फार्ग हे सुमारे १२० मीटर खोल उतरले आणि जिवंत परतले नाहीत. तेवढ्या दाबाखाली हवेतील नायट्रोजन मनाला गुंगी आणतो. हवा अचूक पोहोचवणे यंत्राच्या हाती असते, ती सोसणे नसते.

कुस्तो-गान्याँ रचनेत सारी यंत्रणा मानेमागे टाकीवर असे व तिच्यापासून दोन जाड नळ्या तोंडाशी येत. बुडबुडे पाठीमागे सुटत, म्हणून छायाचित्रकारांना ती आवडे. परंतु पालथे पोहताना यंत्र फुप्फुसांपेक्षा वरच्या पातळीवर राही आणि श्वास जड होई. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी १९५२ साली 'पॉरपॉइस' हे यंत्र विक्रीस आणले आणि ही अडचण दूर केली. त्यांनी दाब उतरवण्याचे काम दोन ठिकाणी वाटून दिले : पहिला टप्पा टाकीवर, दुसरा थेट तोंडाशी आणि मधे एकच बारीक नळी. आज जगभर वापरात असलेली रचना प्रायः हीच. कुस्तोंचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. एल्ड्रेडचे नाव पाणबुड्यांपैकीही थोडेच घेतात.

पुढच्या सुधारणांत मात्र दर वेळी काही दिल्यावाचून काही मिळाले नाही. पहिल्या टप्प्यात दट्ट्या वापरला तर हलणारे भाग थोडे राहतात. उघडून साफ करणे व रबरी कड्या बदलणे सोपे जाते. परंतु पाणी दट्ट्याच्या स्प्रिंगपर्यंत शिरते आणि त्याबरोबर मीठ, वाळू व थंड प्रदेशात बर्फही. पडद्याची रचना यंत्रणेला पाण्यापासून अलग राखते. मात्र तिचे भाग अधिक आणि जुळणी नाजूक. असंतुलित झडप साधी व स्वस्त. पण टाकीतला दाब उतरू लागला की तिच्यातून हवा ओढणे जड जाते. संतुलित झडपेत तो दोष नाही, तर देखभाल वाढते. 'ई एन २५०' या युरोपीय मानकाप्रमाणे ५० मीटर खोलीच्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर श्वसन चालू असता, दर लिटरमागे ३ जूलपेक्षा अधिक श्रम पडता कामा नयेत. पाणबुड्याला जे नुसते 'हलके' किंवा 'जड' वाटते, ते असे मोजले जाते.

या साऱ्या रचनांत मला सर्वांत शहाणपणाची वाटली ती दुसऱ्या टप्प्यातील हवेच्या प्रवाहाच्या दिशेने उघडणारी झडप. पहिला टप्पा बिघडून दाब वाढला तर ती आपोआप उघडते. हवा वाया जाते, परंतु थांबत नाही आणि माणसाला वर येण्यास अवधी मिळतो. बिघाड होणारच हे गृहीत धरून, तो कोणत्या बाजूने व्हावा हे तिच्या कर्त्याने आधीच ठरवून ठेवले आहे.

तथापि उत्तमातली उत्तम झडपही मिठापुढे टिकत नाही. शोध लावणाऱ्यांची नावे इतिहासात राहतात. ज्याची राहत नाहीत तो मागाहून धुणारा, पुसणारा, कड्या बदलणारा वर्ग. कचेरीत बसून दुसऱ्यांच्या कामाची घडी नीट राखणारे आपण बहुतेक त्याच वर्गातले. बुडी मारणाऱ्यांपैकी कोणीही त्या मालवणच्या तरुणाचे नाव विचारले नसेल. मीही विचारले नाही, याची आता रुखरुख वाटते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी वीस-पंचवीस माणसे त्याने धुतलेली यंत्रे तोंडात धरून निर्धास्तपणे समुद्रात उतरली, हे मी पाहिले आहे.